राखीव जोडी

शनिवारी संध्याकाळी सात वाजले की टीव्हीवर दहा जोड्या देशभर पळायच्या, आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या हॉलमध्ये बसून आम्ही चौघं, म्हणजे आई, बायको, मुलगी आणि मी, त्यांना रस्ता सांगायचो.

तो कार्यक्रम तेव्हा फार जोरात होता. नवरा-बायको, भाऊ-बहीण, दोघी मैत्रिणी, अशा जोड्या असायच्या. पाठीवर बॅग, खिशात जेमतेम पैसे, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचायचं. वाटेत कुठं उंटाला पाणी पाज, कुठं पन्नास पोळ्या लाट, कुठं अनोळखी बाजारात नेमका एकच मसाला हुडकून आण. सगळ्यात मागून येणारी जोडी घरी. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसून मी त्या वीस माणसांपैकी एकालाही सोडलं नाही. गाडीची वेळ न बघता स्टेशनावर जाणाऱ्याला मी मूर्ख म्हटलं, बॅग जड केलेल्यांना अडाणी म्हटलं. मी स्वतः वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. कंपनीची बस सकाळी चौकात येते, तिच्यात बसायचं, संध्याकाळी ती त्याच चौकात आणून सोडते. वीस वर्षं माझ्यावर रस्ता विचारायची वेळच आली नव्हती. प्रवासाबद्दल ठाम मतं असायला एवढा अनुभव पुरतो.

बायको फारशी बोलायची नाही. मांडीवर कुणाची तरी साडी घेऊन ती फॉल लावत बसायची. पण एखादी जोडी फाट्यावर गोंधळली की मान वर न करता म्हणायची, "डावीकडं." आणि डावीकडंच असायचं. एकदा मी म्हणालो, "तू हा भाग आधी बघितलेला दिसतोय."

"सावल्या बघा की," ती म्हणाली. "सकाळची उन्हं हायेत. जायचंय उगवतीला, अन् हे दोघं आपापल्या सावलीमागं चाललेत."

हे ज्ञान तिला कुठून आलं ते मला ठाऊक होतं, पण त्याचा संबंध टीव्हीशी जोडावा असं कधी वाटलं नाही. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की तिच्या वडिलांचा कळप निघायचा. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या, आणि मागून ही आणि हिची धाकटी बहीण चालत. पावसाळ्याच्या तोंडावर परत. दहाव्या वर्षाच्या आत तिनं पाच जिल्हे पायांनी बघितले होते. आमचंही मूळ तेच. पण माझ्या वडिलांनी मेंढरं विकून पुंडलिकनगरात गुंठेवारीतला प्लॉट घेतला, चार भिंती बांधल्या आणि फिरणं संपलं म्हणून पाव्हण्यारावळ्यांना जेवण घातलं. माझं लग्न ठरताना आमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा तोच होता, की मुलगा कुठं जात नाही.

आणि खरंच गेलो नाही. पुढं पुढं तर जाताच येईना, कारण पाणी.

ती सगळी दुष्काळाची सालं. धरणाचा तळ पेपरात रोज छापून यायचा, इतका की आम्हाला धरणापेक्षा त्याचा तळच ओळखीचा झाला. नळाला आठव्या दिवशी पाणी, कधी दहाव्या. शहर मात्र असं वाढत होतं की जणू त्याला तहानच लागत नाही. बायपासच्या पलीकडं डोंगरापर्यंत इमारती गेल्या, आणि त्यांच्या जाहिरातीत एक बाई पोहण्याच्या तलावात हसत उभी असायची. तिकडं मराठवाड्यातल्याच एका शहराला आगगाडीनं पाणी गेलं. त्या वर्षी पाण्यानं आमच्या घरापेक्षा जास्त प्रवास केला.

आठव्या दिवशी म्हणजे आठव्याच दिवशी असंही नव्हतं. म्हणून घरात कायम एक कर्ता माणूस हवाच, हा आमचा कायदा. मुलीचं कॉलेज, आईचे गुडघे, म्हणजे उरलो आम्ही दोघं. कुणाच्या लग्नाला जायचं तर हळदीला ती आणि अक्षतांना मी. मयतीला मी गेलो की दहाव्याला ती. ती गावाहून परत यायची, मी निघायचो, आणि बसस्थानकावर आमची दहा मिनिटं गाठ पडायची. रसवंतीवर एकेक ग्लास रस घ्यायचा, तिनं पाव्हण्यांची खबर द्यायची, मी मोटरच्या पेटीची किल्ली द्यायची आणि सांगायचं, "हौद अर्धा आहे. मोटर हवा धरतेय, आधी पाणी ओतून घे." नातेवाइकांनी आम्हाला कित्येक वर्षं एकत्र बघितलं नव्हतं. एका आत्यानं तर आईला हळूच विचारलं होतं, दोघांचं बरं आहे ना म्हणून.

तर त्या सीझनचा शेवटचा भाग संपला, जिंकलेल्यांवर कागदाचे तुकडे पडले, आणि खाली पट्टी आली: पुढच्या सीझनसाठी नोंदणी सुरू. बायकोनं सुई साडीच्या काठात खोचली.

"आपण भरायचा का?"

मी हसलो. मुलगी हसली नाही. ती बारावी झालेली, मोबाइलवर फॉर्म उघडूनसुद्धा झाली होती.

"मला एकदा निघायचंय," बायको म्हणाली. "जिंकायचं न्हाई. नुसतं निघायचंय. सकाळी उठून कुठं मुक्काम पडणार हे म्हाईत नसलेलं मला पुन्हा एकदा बघायचंय."

एकोणीस वर्षांत तिनं मागितलेली ही बहुधा दुसरी गोष्ट. पहिली शिलाई मशीन होती. त्यामुळं मी ते काम मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे ताब्यात घेतलं. संपर्काच्या रकान्यात माझा नंबर टाकला, जोडीचा म्होरक्या कोण तिथं माझं नाव टाकलं, आणि बलस्थानं विचारली होती तिथं 'नियोजन' असं लिहिलं.

मग प्रश्न आला: तुम्ही दोघांनी एकत्र केलेला सगळ्यात लांबचा प्रवास.

आम्ही दोघंही आठवू लागलो. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो, पण तेव्हा टेम्पोत सतरा माणसं होती आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी. मुलीच्या वेळी दवाखान्यात गेलो, ती रिक्षा.

"बसस्टँड लिही," आई कोपऱ्यातून म्हणाली. "तिथं तुम्ही लई येळा एकत्र जाता."

आम्ही जेजुरी लिहिलं. सतरा माणसांचा उल्लेख टाळला.

फॉर्मसोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता. मी शहागंजातून पाठीवरची लाल बॅग आणि काळा गॉगल आणला, आणि मकबऱ्यावर चित्रीकरण ठरवलं. मागं घुमट, पुढं मी, असा विचार होता. मोठा विचार करून पाण्याचा सहावा दिवस निवडला, कारण सहाव्या दिवशी पाणी कधीच येत नाही. मी बूट खाली काढून ठेवले, चौथऱ्यावर चढलो, गॉगल लावला आणि 'प्रवास म्हणजे काय' इथून सुरुवात केली. बायको माझ्या डाव्या बाजूला नवी साडी नेसून उभी. ठरल्याप्रमाणं शेवटच्या वीस सेकंदांत तिनं 'मला फिरायला आवडतं' एवढं म्हणायचं होतं.

मी 'माणसाचं आयुष्यही एक' इथपर्यंत आलो आणि तिचा फोन वाजला. शेजारच्या काकू. तिनं ऐकलं, फोन कमरेला खोचला, आणि मला म्हणाली, "पाणी आलं." एवढं म्हणून ती पळत सुटली. मुलगी तिच्यामागं, हातात मोबाइल तसाच चालू. मी बुटांकडं.

पुढचं मी प्रत्यक्ष बघितलं नाही, व्हिडिओत बघितलं. फाटकाबाहेर शेअर रिक्षा उभी, ड्रायव्हर सवाऱ्यांची वाट बघत टेकलेला.

"भाई, चलते क्या नय? घर में पानी आया."

"चार सवारी होने दो भाभी."

"तुमारे घर में कब आया था?"

"नवव्वा दिन है आज," तो म्हणाला, आणि त्यानं रिक्षा चालू केली. पाण्याचा तो धागा एवढा मजबूत होता की त्यानं वाटेत एकही सवारी घेतली नाही. पुढं वाहनांची रांग दिसली तशी तिनं त्याला डाव्या गल्लीत घातलं, तिथून दुसऱ्या गल्लीत. एका लग्नाच्या मांडवाखालून वाट काढताना तिनं रिक्षातून उतरून दोन खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या आणि पुन्हा बसली. मांडवातल्या माणसांनीही मग उरलेल्या खुर्च्या उचलल्या. रस्त्यात ती एकदाही थांबून विचार करताना दिसत नाही. घरी पोचल्यावर पदर खोचून तिनं पाइप जोडला, हौदाचं झाकण काढलं, आणि मग पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "तुझे पप्पा कुठं?"

पप्पा त्यानंतर पन्नास मिनिटांनी आले. व्हिडिओच्या अगदी शेवटी मी फाटकातून आत येतो. पायात बूट, डोळ्यांवर गॉगल, पाठीवर लाल बॅग. मुलीनं तेवढं ठेवलं आणि बाकीचा माझा मकबरा कापून टाकला. पाठवल्यावर मला दाखवलं.

महिनाभरानं फोन आला. मी स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या रॅकपाशी उभा होतो. मुंबईहून एक मुलगी बोलत होती, आवाज फार गोड.

"सर, मॅडमचा व्हिडिओ आम्हाला खूपच आवडला."

"आमचा," मी म्हणालो.

"मॅडमचा. त्यांना आम्ही पुण्याला चाचणीला बोलावतोय. फक्त एक विनंती होती. त्यांचा जोडीदार बदलता येईल का? कुणीतरी त्यांच्या वेगाचं."

"मी आहे की त्या व्हिडिओत."

"हो सर, बघितलं. शेवटी येता."

तिनं तीन दिवसांत कळवा म्हणून सांगितलं. मी बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला, आणि त्या दुपारी लाइनवर चुकीच्या मापाचे बोल्ट दिले. घरी आलो तर बायको म्हणाली, "आज गप का?" मी म्हणालो, डोकं दुखतंय. तिनं बाम आणून चोळला. बाम लावून घेताना माणूस खोटं बोलत असेल तर तो जास्त झोंबतो, हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवस मी सांगितलं नाही. माझ्याकडं कारणं भरपूर होती. पाण्याचं काय, मुलीच्या परीक्षेचं काय, लोक काय म्हणतील. ही सगळी कारणं मी स्वतःलाच समजावून सांगत होतो आणि मलाच ती पटत नव्हती. खरं एवढंच होतं की नियोजन हे बलस्थान असलेल्या माणसाला त्या मुलीनं गोड आवाजात गाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर ती लाल बॅग पुढ्यात घेऊन बसली होती. आतल्या अस्तराला तिनं दोन चोरखिसे शिवले होते. एक तिच्या ओळखपत्राला, एक माझ्या. माझ्या खिशाला तिनं चेन लावली होती, कारण माझ्या वस्तू पडतात.

मग मी सांगितलं. दोन दिवसांचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दातानं दोरा तोडला.

"अजून येळ हाय का कळवायला?"

"सहापर्यंत."

घड्याळात सव्वापाच झाले होते. मी घसा साफ केला आणि आयुष्यात एकदाच बोलायचं म्हणून जपून ठेवलेल्या आवाजात म्हणालो, "माझ्यामुळं अडायला नको. मी मागं राहतो. तू जा, कुणालाही घेऊन जा."

असं बोलल्यावर समोरच्यानं काय म्हणायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही, वगैरे. मी त्यासाठी थोडी जागाही सोडली.

"बरं," ती म्हणाली. "धाकटीला इचारते." आणि तिनं फोन लावलासुद्धा. धाकटी उस्मानपुऱ्यात पार्लर चालवते. तिचा होकार मला सोफ्यापर्यंत ऐकू आला.

दोघी बहिणी पुण्याला गेल्या आणि पाणी त्याच दिवशी आलं. मी रजा टाकली होती. योगायोगानं ती गावी असताना पाणी आजवर कधी आलंच नव्हतं. एवढी वर्षं मी हौदात वाकून बघायचो, मोटर चालू कर, बंद कर, असं सांगायचो, त्यामुळं मला वाटायचं पाणी मीच भरतो. नळ सुटला तसे मी आधी पिण्याचे हंडे लावले, कारण पिण्याचं पाणी महत्त्वाचं. दोन हंडे, कळशी, फिल्टरचं भांडं, सगळं भरून मी घाम पुसत उभा राहिलो.

आई दाराशी खुर्ची टाकून बघत होती. "काय भरलंस?"

"पिण्याचं."

"पहिल्या धारेचं?"

मी हंड्यात बघितलं. आठ दिवस पाइपात बसलेला सगळा गाळ पहिल्या दहा मिनिटांत येतो. ते पाणी बादल्यांना, धुण्याला. मधल्या धारेचं पिण्याला, तेही दुहेरी फडक्यातून. मग मोटर लावून हौद. हे एवढं शहाणपण आमच्या घरात एकोणीस वर्षं माझ्या नाकासमोर चालत होतं.

"वत ते बादल्यांत," आई म्हणाली. "हंडे खळबळून घे. न्हाई, आतून. फडकं त्या खुंटीला हाय. आता लाव. लई डोळे नको वटारू पाण्याकडं, ते तुला घाबरून येत नसतंय."

तिच्या हुकुमावर दोन तासांत सगळं भरलं. माझी पाठ मात्र चार दिवस भरलेली राहिली.

पुण्याहून बायको आली ती चालण्यात वेगळीच होऊन. चाचणीत त्यांचे मोबाइल काढून घेतले आणि अनोळखी पेठेत सोडून दिलं, एका हॉटेलात पोचा म्हणाले. बावीस जोड्यांत या दोघी दुसऱ्या आल्या. मग तिथल्या साहेबानं तिला विचारलं, तुम्हाला का फिरायचंय? इतरांनी स्वप्नं वगैरे सांगितली होती. ही म्हणाली, "मी बसूनच होते, साहेब. बसायला मी शिकलेली न्हवते."

दुसऱ्या आल्या तरी निवड झाली नाही. दहा जोड्या ठरल्या आणि या अकराव्या. राखीव जोडी. तिथल्या लोकांना नटनट्या, पैलवान, जुळे भाऊ असं सगळं हवं होतं, त्यात मेंढपाळाच्या दोन लेकी जराशा उरल्या. चित्रीकरणाच्या तीन आठवड्यांत कुणी जायबंदी झालं, आजारी पडलं, तर फोन येईल. फोन आला की चार तासांत निघायचं. तोवर बॅग भरून ठेवा.

बॅग दाराशी भरून ठेवली गेली आणि आमच्या घराण्यात कधी नव्हे ती एक विचित्र प्रार्थना सुरू झाली. बायको देवापुढं हात जोडून म्हणायची, "कुणाचं वाईट करू नको. नुसता पाय मुरगळू दे." मुलीचा भर जुलाबांवर होता. एवढी बाहेरची पाणीपुरी खातात, दहांतल्या एकाही जोडीला काही होऊ नये म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. आई तर जुळ्या भावांवरच टपून होती. "दोघं एकदम पडले तर बरं. एकट्याला कशाला दुखापत." धाकटी रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "काय, आहेत का सगळे धडधाकट?" आणि आहेत म्हटलं की उसासा टाकायची.

मी काय मागत होतो ते मी कुणाला सांगितलं नाही. मी त्या वीस अनोळखी माणसांच्या आरोग्यासाठी इतक्या मनापासून प्रार्थना करत होतो की त्यांच्या आईवडिलांनीही केली नसेल. आणि मग बायकोला बॅगेची चेन उघडून आतले कपडे पुन्हा पहिल्यासारखे लावताना बघायचो, आणि अर्ध्यातच प्रार्थना थांबवायचो. देवाला माझं नेमकं काय म्हणणं आहे ते कळलं नसणार.

तीन आठवडे गेले. कुणाचाही पाय मुरगळला नाही. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मुदत संपली. तिचं लक्ष घड्याळाकडं होतं, आमचं तिच्याकडं. सहा वाजून पाच मिनिटांनी ती उठली आणि कणीक मळायला घेतली. टीव्हीवर जाहिरात लागली, नवा सीझन लवकरच. मुलीनं आवाज बंद केला.

रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. ती बाहेरच्या चपला घालून समोर उभी राहिली, पाठीवर लाल बॅग.

"निघते मी."

"कुठं?"

"बॅग भरलेली हाय. तीन आठवडे झाले. परत सोडवत न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "धाकटी स्टँडवर येतीय. आठ दिवसांनी येईन. तुम्ही येताय का?"

हे तिनं इतक्या सहज विचारलं की मला त्यातला प्रश्न ऐकूच आला नाही. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मंगळवारी पाणी आहे."

तिनं मान हलवली. राग नव्हता त्यात, हेच वाईट. पाणी गाळायचं फडकं धुऊन वाळत घातल्याचं तिनं मला सांगितलं आणि गेली. मी फाटकापर्यंतही गेलो नाही. पेपर उलटा केला आणि धरणाचा तळ वाचू लागलो.

"गेली?" आईनं आतून विचारलं.

"गेली."

"तू न्हाई गेलास?"

"पाणी कोण भरणार?"

आई बाहेर आली. भिंतीला न धरता आली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. "पाणी? विहिरीचं पाणी शेंदून शंभर मेंढरं पाजलीत मी. मोटरचं बटण दाबायला मला काय होतंय? अन् ही पोरगी हाय, शेजारीण हाय."

"तुझे गुडघे..."

"गुडघे दुखतेत म्हणले होते मी. गेलेत म्हणले न्हवते. तुला मला इचारावं वाटलं का कधी? एकोणीस वर्सं तू घरात बसलायस अन् नाव पाण्याचं."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझं पाकीट आणून दिलं. मी चपला घातल्या. दाढी करावी की नाही एवढा विचार आला, पण आईच्या चेहऱ्याकडं बघून तो सोडला.

बसस्थानकावर रविवारची गर्दी होती. फलाटांवरून दोनदा फिरलो, दोघी दिसल्या नाहीत. फोन लावला.

"कुठं आहेस?"

"गाडीत. आताच निघालो. पैठणची हाय."

"थांब, मी येतो."

पलीकडं घरघर ऐकू येत राहिली. धाकटी काहीतरी बोलून हसली. मग बायको म्हणाली, "थांबत नसतेत. कळप थांबला की सगळ्यांचाच मुक्काम चुकतोय. मागं राहिलेल्यानं गाठायचं असतं."

"पैठणला कुठं उतरणार?"

"ठरलं न्हाई. पैठणहून पुढं कुठं तेही ठरलं न्हाई."

"मग मी गाठू कसं?"

"इचारत या की. दोन बाया दिसल्या का म्हणून इचारा. लोक सांगतेत." आणि जरा हळू आवाजात, बहुधा धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून, "आम्ही सावकाश चालतो."

फोन बंद झाला. मी चौकशीच्या खिडकीशी गेलो आणि तोंड आत घालून विचारलं, पैठणची पुढची गाडी कुठं लागते. आतल्या माणसानं रजिस्टरमधून डोकं वर न काढता पेन बाहेर रोखलं. "ती काय. हलली बघा."

मी वळून बघितलं. गाडी फाटकाच्या तोंडाशी होती, कंडक्टर दाराचा दांडा धरून बाहेर वाकला होता. मी पळालो. बऱ्यापैकी पळालो, असं मी सांगतो. बघायला घरचं कुणी नव्हतं.